दौंडला पोचलेला सांगावा

अनसाबाई सोनवणे जिवंत असताना नऊ आठवडे त्यांच्या फोटोला हार होता. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात ते आठ. हार चंदनी मण्यांचा होता आणि तो मुंबईत, मढला समुद्राच्या कडेला उभारलेल्या सेटवर घातलेला होता. फोटोतली बाई कोण, हे मालिका बनवणाऱ्यांपैकी एखाद्यालाच माहीत असेल. शिरूरजवळच्या त्यांच्या गावात, निमोण्यात, ते पहिल्या भागातच सगळ्यांना कळलं.

मालिकेत अनसाबाई थोरल्या बाईसाहेब होत्या. गोष्ट सुरू होण्याआधीच वारलेल्या, त्यामुळे संवाद नव्हते. घरात भांडण झालं की थोरला मुलगा फोटोपुढे येऊन हात जोडायचा. धाकट्या सुनेनं कुणाच्या दुधात काही कालवलं की कॅमेरा तीनदा फोटोवर जायचा आणि मोठा आवाज व्हायचा.

"मेल्यावर बी सुट्टी न्हाई," अनसाबाई म्हणायच्या. "जित्तेपणी त्या घरचं शेण काढलं, आता भांडणं निस्तरायची."

त्यांचा मुलगा महेंद्र कारेगावला कामगारांची बस चालवतो. त्याला हे आवडलं नव्हतं.

"आई, हाराचं जाऊ दे. कुंकू तरी लावू द्यायचं न्हाई."

"मी कुठं लावू दिलं? ते मुंबईत लावलंय. मी हितंच हुते."

शेजारच्या तानुबाई रोज साडेसातला त्यांच्याकडेच टीव्हीपुढे येऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, "कावळा शिवला म्हण, अनसे. आयुष्य वाढलं तुझं."

डोक्याला कावळा शिवला की तो माणूस मेल्याची खोटी बातमी पाहुण्यांना धाडायची, पाहुण्यांनी ती खरी समजून रडायचं, म्हणजे आलेलं मरण फसून परत जातं, अशी जुनी समजूत. ती बातमी नेणं, खोटी असो की खरी, हे पूर्वी महारवाड्याचं काम होतं. सांगावा म्हणायचे. मालिकेत बाहेरून दिसतं ते घर गावातले बागायतदार पोपटराव यांचं. त्यांच्या घराची सोयरीक तीन पिढ्यांपासून दौंडकडची. त्या घरातल्या मयताचा सांगावा घेऊन अनसाबाईंचे सासरे बन्सी सकाळी निघायचे आणि दिवस मावळायला दौंडला पोचायचे. तिथं अंगणाच्या बाहेर उभं राहून सांगायचे आणि रात्री कुणाच्या तरी गोठ्यात झोपून परत यायचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं. त्यानंतर दोन वर्षं पोपटरावांच्या आजोबांनी त्यांना बांधावरही उभं केलं नाही.

अनसाबाईंनी हे सगळं सासऱ्यांकडून ऐकलेलं होतं. त्या स्वतः त्याच घरी सेहेचाळीस वर्षं कामाला होत्या. अंगण, गोठा आणि कांद्याची चाळ ही त्यांची जागा. चहा ओट्याच्या पायरीवर मिळायचा.

फोटो काढला तो दिवस नोव्हेंबरातला. मालिकेची माणसं तीन दिवस निमोण्यात होती. पोपटरावांचा बंगला नवा असला तरी पुढचा दगडी ओटा, लाकडी खांब आणि सोपा त्यांनी जुनाच ठेवलेला आहे. घराचं बाहेरचं चित्रण इथं करायचं आणि आतला सोपा मुंबईत जसाच्या तसा बांधायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी सुदर्शन नावाचा कलाविभागातला माणूस फीत घेऊन मापं घेत होता. तो खिडक्यांचे, कोनाड्यांचे, विजेच्या मीटरचेही फोटो काढत होता. पोपटराव बाजार समितीच्या कामाला शिरूरला गेले होते. घरात त्यांच्या आई सारजाबाई आणि सून अनिता.

सुदर्शननं सारजाबाईंना विचारलं, "आजी, तुमचा एक फोटो काढू? भिंतीवर लावायला."

"कुणाच्या भितीवर?"

"मालिकेतल्या. आमच्या थोरल्या बाईसाहेब म्हणून. हार असेल, उदबत्ती असेल…"

"म्हंजी मेलेल्या?"

"तसं… हो."

"मग मी न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. त्यांनी अंगणात पाहिलं. अनसाबाई बाजरी पाखडत होत्या. "अनसे, ये हिकडं. तू बस."

"मी कुठं बसू?"

"खुर्चीत. कुठं म्हंजी?"

सोप्यात शिसवी खुर्ची होती, पोपटरावांच्या आजोबांच्या वेळची. अनसाबाईंनी ती सेहेचाळीस वर्षं दारातून पाहिलेली होती. त्या सूप हातात धरून उभ्याच राहिल्या. अनिता मोबाइल घेऊन हसत होती.

"बसा ओ मावशी. नाटकच हाय."

मग अनितानं सारजाबाईंची काठाची शाल आणली. पेटीतून नथ काढली. सारजाबाई विधवा झाल्यापासून ती पेटीतच होती. अनसाबाई म्हणाल्या, मालक जाऊन मला बारा वर्सं झाली, नथ कशी घालू. सारजाबाई म्हणाल्या, तुझ्यात कुठं असतंय तसलं, घाल. त्यांनी स्वतः नथ अडकवून दिली आणि खांद्यावरची शाल सारखी केली. सुदर्शननं अनसाबाईंचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. फार वर्षांपूर्वी विळा लागला होता, तेव्हापासून ते तसंच वाढतं.

"अंगठा आत घ्या, आजी."

त्यांनी घेतला. तो पुन्हा बाहेर आला. फोटो निघाला. नंतर एका कागदावर त्याच अंगठ्याचा ठसा घेतला आणि त्या बाजरीकडे गेल्या.

घरी त्यांनी नात गौतमीला एवढंच सांगितलं, "खुर्ची गार हुती."

गौतमी रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहे. सुट्या भागांवर ओरखडा आहे की नाही, हे दिवसभर पाहायचं. तिला आजीच्या बोलण्याचं हसू आलं. तिनं पुढं विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी मालिकेत थोरल्या बाईसाहेब वारल्या तो दिवस दाखवला. आधी पोपटरावांचं घर, बाहेरून. ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मग धुरात फोटो, हारानं निम्मा झाकलेला. शाल दिसली, नथ दिसली. दौंडकडे सारजाबाईंचे धाकटे भाऊ जेवण झाल्यावर टीव्हीपुढे पेंगत होते. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी बहिणीचं घर ओळखलं. नथ तर त्यांनीच दिलेली होती. पोपटरावांचा फोन दोनदा लावला, लागला नाही.

"अक्का गेली," ते म्हणाले. "आन् आपल्याला सांगावा बी न्हाई."

घरातल्या तरण्या माणसांनी त्यांना मालिका म्हणजे काय ते सांगून पाहिलं असेल. पण टीव्हीवर घर दिसतंय, माणसं रडतायत, फोन लागत नाही, एवढं जुळल्यावर कोण पैज लावणार? शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला एक पिकअप निमोण्याच्या वेशीत आला. त्यात अकरा माणसं होती. रीतीप्रमाणे बायकांनी वेशीपासूनच गळा काढला. भावाच्या मांडीवर माहेरचं लुगडं होतं, मयतावर घालायचं.

सारजाबाई अंगणात मिश्री लावत उभ्या होत्या. रडणं ऐकून त्यांनी विचारलं, "कोण गेलं ग?"

बायका एकेक करून गप्प झाल्या. सगळ्यात पुढची थांबली नाही, कारण तिची मान खाली होती. शेवटी मागचीनं तिला चिमटा काढला.

भाऊ पिकअपमधून उतरून पाहत राहिले. "अक्का, तू हायस?"

"न्हाई, मेले. च्या घेतोस का?"

मग हसणं सुरू झालं, ते चहा होईपर्यंत थांबेना. ज्या बाईला चिमटा बसला होता ती सगळ्यात जास्त हसत होती. तानुबाईंसारख्या चारदोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. सारजाबाई म्हणाल्या, बरं झालं, मी गेल्यावर कोण किती रडंल ते समजलं. ह्या एका सकाळपुरतं सगळं चांगलं चाललं होतं.

कपबशी खाली ठेवून भावानं विचारलं, "मग त्या फोटूत कोण हाय?"

अनिता हसत म्हणाली, "आमच्या अनसा मावशी. त्या काय, तिथं."

अनसाबाई गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्याही हसत होत्या.

"कुठली अनसा?"

अनिता कपबश्या गोळा करायला लागली. मग सारजाबाई म्हणाल्या, "खालच्या आळीची."

भावानं गोठ्याकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं. "मी दिलेल्या नथीत?"

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. जाताना लुगडं परत नेलं.

त्या संध्याकाळी अनसाबाईंनी घरी सगळं सांगितलं, नक्कल करून. चिमट्याचं सांगताना तर त्यांना बोलता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "बघ महिंदर, सांगावा पोचला दौंडला. आपल्याच घरानं न्यायचा असतो."

महेंद्र हसला नाही. त्यानं टीव्ही बंद केला.

पुढच्या चार दिवसांत झालं ते असं. नथ शिरूरला सोनाराकडे उजळायला गेली. शाल धुऊन दोन दिवस तारेवर होती. खुर्ची सोप्यातून निघाली आणि गोठ्यात आली. तिच्यावर पेंडीचं पोतं ठेवलं गेलं. शेण काढताना अनसाबाईंना ती दिसली. पोपटरावांनी चौकात दोनचार जणांना सांगितलं की फोटो सगळा कंप्युटरनं केलेला आहे, आमच्या सोप्यात असलं काही झालेलं नाही. ज्यांना खरं माहीत होतं त्यांनीही माना हलवल्या.

मग पोपटरावांनी अनसाबाईंना ओट्याखाली बोलावलं. आवाज चढवला नाही. ते चढवतही नाहीत.

"अनसाबाई, कुणी विचारलं तर सांगा, फोटू मुंबईला बनवला."

"बरं. आन् मी बसले हुते ते?"

"कवा?"

"तवा. नवंबरात. तुम्ही शिरूरला गेला हुता."

"कवा?" पोपटरावांनी पुन्हा तसंच विचारलं, जणू खरंच आठवत नाही. मग ते गाडी काढून निघून गेले.

अनसाबाई घरी आल्या त्या हा एक शब्द घेऊन. त्या दिवशी त्यांनी मालिका लावली नाही. गौतमी कामावरून आल्यावर तिला म्हणाल्या, "मला तो फोटू पायजे."

"कुठला, हाराचा?"

"बिनहाराचा. काढला तसा."

गौतमीनं मोबाइल काढला. "थांब, तुझा आत्ता काढते. चांगला मोठा करून लावू."

"मला फोटू न्हाई पायजे. बसलेला फोटू पायजे."

"मग खुर्ची आणू एक."

"ती खुर्ची न्हाई ना."

"ती तर गोठ्यात हाय म्हणतेस. जाऊन बस की."

अनसाबाईंनी नातीकडे असं पाहिलं की गौतमीला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटलं. "गोठ्यात बसले म्हंजी बसले न्हाई. मी सोप्यात बसले हुते. त्यो म्हणतोय कवा. मला त्याला दावायचंय कवा."

मालिकेचे जुने भाग मोबाइलवर होते. गौतमीनं फोटो मोठा करून पाहिला. उपयोग नव्हता. मागचा सोपा, दार, कोनाडा सगळं पुसून तिथं तपकिरी रंग भरलेला होता. तो पाहून कुणीही पोपटरावांचंच खरं म्हटलं असतं. सुदर्शनचा नंबर मिळवायला तिला तीन आठवडे लागले, आणि तो मिळायच्या आधीच टीव्हीवरचा फोटो बदलला.

ते सोपं होतं. मालिकेला मे महिन्यात लग्नाच्या भागांसाठी पोपटरावांचं घर आणि शेत पुन्हा लागणार होतं. पोपटरावांनी फोन करून सांगितलं, फोटो काढा, नाहीतर दुसरं घर बघा. सारजाबाईंचा लावू का, असं तिकडून विचारल्यावर ते चिडले. जिवंत आईला हार घालू का, म्हणाले. तेव्हा मुंबईवाल्यांनी मधला मार्ग काढला. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी थोरल्या बाईसाहेबांना नवा चेहरा आला. गोरा, लांबट, सरळ नाकाचा, जगात कुठंही नसलेल्या बाईचा. नथ तीच, शाल तीच. मालिकेतल्या कुणालाही फरक जाणवला नाही. थोरला मुलगा नेहमीसारखाच हात जोडून रडला.

गौतमीनं तिथं मालिका थांबवली. कारखान्यात रोज हजार सुटे भाग तपासणारी तिची नजर चेहऱ्यावरून खाली गेली. खुर्चीच्या हातांवर दोन काळे, रुंद हात होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं.

"आजी, हात तुझेच ठेवलेत."

अनसाबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हात काय, ते मला रोजच दिसत्यात," त्या म्हणाल्या आणि भाकरी करायला गेल्या.

मेच्या चित्रणाला सुदर्शन आला नव्हता आणि फोनवर शूटिंग आहे, नंतर बोलू, म्हणायचा, म्हणून जूनमधल्या एका रविवारी गौतमी मुंबईला गेली. शिरूरहून एसटीनं, मग मालाडहून बसनं मढला. महेंद्रनं तिला जाऊ नको म्हटलं होतं. अनसाबाईंनी दोन भाकरी आणि चटणी बांधून दिली होती. सुदर्शन फाटकाशी आला, कारण तिला आत सोडत नव्हते. मग त्यानं सांगितल्यावर सोडलं. आत प्लायवूडचा सोपा होता. खांब पोकळ. कोनाडे तेच, मीटरसुद्धा तोच, फक्त त्याला तारा नव्हत्या. खुर्चीची नक्कल मधोमध ठेवलेली होती आणि तिच्यात एक पोरगेलासा स्पॉटबॉय मोबाइल बघत, पाय पसरून बसला होता.

सुदर्शन बोलायला चांगला होता. त्याला अनसाबाई आठवत होत्या.

"आजी कशा आहेत? काय चेहरा होता! खरं सांगू, मला बदलायचा नव्हता. वरून आलं."

"मूळ फोटो पाहिजे होता."

"मूळ नाही राहिला. त्याच फाइलवर काम केलं ना. जुनी ठेवत नाही आम्ही, रोज चाळीस वस्तू असतात. हा नवा देऊ?"

"नवा कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही," सुदर्शन म्हणाला. मग त्याला काही आठवलं. "अहो, पण त्या वहिनी काढत होत्या की! मोबाइलवर. माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे असेल. तुमच्या गावातच आहे, त्यासाठी इथवर कशाला आलात?"

त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण परतीच्या एसटीत गौतमीला तेच वाक्य ऐकू येत होतं. चटणीभाकरी तिनं तशीच परत आणली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी संपल्यावर ती पोपटरावांच्या मागच्या दारी गेली. अनिता मिरच्या निवडत होती. दोघी जवळपास एका वयाच्या. बचत गटात नेहमीचं बोलणं होतं. गौतमीनं आडवळण घेतलं नाही.

"अनिता, त्या दिवशी तू फोटो काढला होतास."

अनिता लगेच म्हणाली, "फोन बदलला ग मी."

गौतमीनं तिच्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. जांभळं कव्हर, कोपरा तुटलेला. अनसाबाईंनी आदल्या रात्री सांगितला होता तसाच. अनितानंही तिचं पाहणं पाहिलं. मग तिनं हात पुसून फोन उघडला. नोव्हेंबर शोधायला थोडा वेळ लागला.

"हा बघ. पण देणार न्हाई हां. नुसता बघ."

गौतमीनं पाहिला. सोपा होता, दार होतं, दारातलं ऊन होतं. खुर्चीत अनसाबाई बसलेल्या होत्या, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. बाजूनं एक गोरा म्हातारा हात त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करत होता. त्या हातातल्या बांगड्या सारजाबाईंच्या होत्या.

"अनिता, एवढा एक धाड मला. कुणाला सांगणार न्हाई तू दिला म्हणून."

"तुझी आजी दावणारच की मामंजींना. त्यासाठीच पायजे न्हवं तिला?"

तेवढ्यात पुढच्या बाजूला गाडीचा आवाज आला. गाडी पोपटरावांची होती की नव्हती, ते नंतरही कळलं नाही. अनिताचा अंगठा हलला आणि पडद्यावर मिरच्यांचा दुसराच फोटो आला.

"उडवला," ती म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "आता तुझ्या बी जिवाला घोर न्हाई, माझ्या बी."

"अजून कचऱ्यात असेल तो. महिनाभर राहतो."

गौतमीनं हे सांगायला नको होतं. अनितानं तिथं जाऊन तिथूनही तो काढला. तिला ते येत होतं.

"चहा ठेवू?" अनितानं विचारलं.

गौतमी घरी गेली. आजीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मी बघितला, आजी. तू बसलेली होतीस. ताठ बसली होतीस."

"तू बघून काय उपेग?" अनसाबाई म्हणाल्या. "तू माझीच."

महेंद्र म्हणाला, आता त्या घरची पायरी चढू नकोस. त्या म्हणाल्या, पायरी कुठं चढते मी. दोन दिवस त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोपटरावांकडून निरोप आला की चाळीतला कांदा सडायला लागलाय, निवडायला माणूस पाहिजे. त्या गेल्या. न गेल्यावर काय होतं, ते बन्सींच्या वेळेपासून त्या घराला आणि ह्या घराला माहीत होतं.

जुलैतल्या एका संध्याकाळी चाळीचं काम उशिरापर्यंत चाललं. साडेसातला सोप्यात मालिका लागली. पोपटराव बाहेरगावी होते, अनिता गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. सारजाबाई एकट्याच टीव्हीपुढे होत्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. अनसाबाई पाणी मागायला ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. दारातून पडदा दिसत होता. मालिकेत आणखी कुणाचं तरी लग्न ठरलं होतं आणि थोरल्या बाईसाहेबांच्या फोटोपुढे पेढे ठेवले जात होते.

सारजाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला. अनसाबाईंनी तो उचलला नाही.

"आक्का, एक विचारू? तुम्हीच म्हणला हुता न्हवं, तू बस म्हणून?"

सारजाबाईंनी आधी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे. मग त्या खाली वाकल्या, जेवढं त्यांच्या कमरेला वाकता येतं तेवढ्या, आणि हळू म्हणाल्या, "म्हणले हुते. मीच नथ घातली तुला. आन् ते हात बी तुझंच हायत, मी रोज वळखते."

अनसाबाई काही बोलणार होत्या.

"पण बोलू नगंस, अनसे," सारजाबाई म्हणाल्या. "पोपटला समजलं तर हात बी काढाया लावील."

हे गौतमीला कळलं ते महिन्याभरानं, बोलता बोलता. तिनं विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?" अनसाबाई म्हणाल्या. "पाणी पिले. कांदा ऱ्हायला हुता, त्यो निवडला."